दिनविशेष : ११ ऑगस्ट
तलाल मद्दाह (निधन : २०००)

सौदी अरेबियातील उन्हाळ्यात थंड हवा शोधणारे असीरच्या डोंगरातील अबहाला जातात. तिथल्या मुफ्ताहा रंगमंचावर २००० साली याच दिवशी सौदी गायक तलाल मद्दाह गायला बसले. मांडीवर ऊद हे तंतुवाद्य, समोर भरलेले प्रेक्षागृह आणि दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण. गाता गाताच ते कोसळले. पुन्हा उठले नाहीत. वय साठ.

जन्म मक्केचा, बालपण ताईफचे. मावशीच्या यजमानांनी सांभाळले, त्यांचेच मद्दाह हे नाव पुढे लावले. १९६०च्या सुमारास आकाशवाणीवर गाजलेल्या ‘वर्दक या जारिअ अल-वर्द’ या गाण्यापासून आधुनिक सौदी गीताची सुरुवात मानतात. चाहत्यांनी त्यांना ‘सौत अल-अर्द’, म्हणजे धरतीचा आवाज, म्हटले. अमेरिकी सोल गायकांत जी हृदय पिळवटणारी आर्तता शोधली जाते, ती इथे हिजाझी, म्हणजे मक्का-जेद्दाच्या परिसरातल्या, वळणाने येते. ऐकायला सुरुवात करायची तर सिराज उमर यांनी स्वरबद्ध केलेल्या ‘मकादीर’पासून करावी. स्टुडिओतले ध्वनिमुद्रणही चांगले आहे, पण मैफलीतले अधिक मोकळे. एकच ओळ ते किती परींनी घोळवतात! अरबी येत नसली तरी बिघडत नाही. ठुमरीवर जीव असलेल्याला ही तऱ्हा परकी वाटणार नाही.

पुढे देशात जाहीर मैफली जवळजवळ थांबल्या. २०१७ साली जेद्दात सौदी गायक महंमद अब्दू गायले तेव्हा त्या परतल्या. अबहाच्या त्या रंगमंचाला आता तलाल मद्दाह यांचेच नाव आहे.