हिशोबातला जीवाणू

नायट्रोजन चक्राचं चित्र आपण फळ्यावर अनेकदा काढलं असेल. शेणात, मलमूत्रात असलेल्या नायट्रोजनपासून अमोनिया होतो. हवेशीर मातीतले जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथं दुसरे जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू हवेत परततो. या चित्रात एक गोष्ट पक्की मानलेली होती : ऑक्सिजन नसेल तर अमोनिया तसाच राहतो.

१९७७ साली व्हिएन्नाच्या एंगेलबर्ट ब्रोडा या रसायनशास्त्रज्ञाने कागदावर हिशोब मांडला. अमोनिया आणि नायट्राइट यांच्यापासून नायट्रोजन वायू झाला तर ऊर्जा बाहेर पडते. मग या ऊर्जेवर जगणारा जीव का नसावा? तसा जीव कुणी पाहिलेला नव्हता. १९८३ साली ब्रोडा वारले, तोवरही तो सापडला नव्हता.

पुढे नेदरलंड्समधल्या डेल्फ्ट इथं, यीस्टच्या एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत अमोनिया कमी होत होता! त्याबरोबर नायट्रेटही कमी होत होतं. मोजण्यात चूक झाली असेल, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. संशोधकांनी तसं केलं नाही. टाकीतला गाळ त्यांनी तापवून पाहिला, त्यावर गॅमा किरण सोडले. दोन्ही वेळा अमोनिया कमी होणं थांबलं. म्हणजे हे काम सजीवाचंच होतं. ही निरीक्षणं १९९५ साली प्रसिद्ध झाली, आणि १९९९ साली त्या जीवाणूची ओळख पटली.

हा जीवाणू वाढतो फार सावकाश. सुरुवातीच्या प्रयोगांत एकाचे दोन व्हायला सुमारे ११ दिवस लागत. पण त्याचा उपयोग मोठा. निम्म्याच अमोनियाचं नायट्राइट करून दिलं की पुरतं, त्यामुळे टाकीत हवा कमी सोडावी लागते आणि वीज वाचते. २००२ साली रॉटरडॅममध्ये असं पहिलं मोठं केंद्र सुरू झालं. पुढे समुद्रातही हे जीवाणू सापडले. तिथून हवेत परतणाऱ्या नायट्रोजनमध्ये त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे ते सतत काम करत होते, आपल्या चित्रात मात्र नव्हते.

प्रयोगाच्या वहीत एखाद्या मुलाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही, तर खोडायला सांगण्याआधी आपण त्याला पुन्हा मोजायला सांगूया. आणि तेच उत्तर पुन्हा आलं, तर त्याच्याबरोबर आपणही बसून बघूया.