धामणीचा दांडा आणि गोल्फची काठी

गोल्फ हा आमच्या शहापूर-मुरबाडचा खेळ नाही. माळशेजच्या पायथ्यापासून माहुलीच्या डोंगरापर्यंत हिंडलात तरी गोल्फची काठी धरलेला माणूस सहसा भेटायचा नाही. पण या खेळातला एक जुना प्रश्न इथल्या कुठल्याही ठाकर किंवा कातकरी म्हाताऱ्याला लगेच कळेल. प्रश्न असा, की दांडा किती वाकणारा हवा?

गोल्फमध्ये पहिला लांबचा फटका ज्या काठीने मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात. ही सर्वांत लांब काठी, साधारण ४५ इंचांची. काठी जोरात फिरली की तिचा दांडा आधी मागे वाकतो आणि चेंडूपाशी येईपर्यंत पुढे झेपावतो. दांडा खेळाडूच्या मानाने फार मऊ असेल तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू बहुधा उंच उडून डावीकडे जातो. फार ताठ असेल तर चेंडू खालून आणि उजवीकडे जातो. म्हणून आधी काठी फिरवण्याचा वेग मोजतात. ढोबळमानाने ताशी ८५ ते ९५ मैल वेगाला ‘रेग्युलर’ आणि ९५ ते १०५ मैलांना ‘स्टिफ’ दांडा सुचवतात. मात्र कंपन्यांची मापं एकसारखी नाहीत. एकाचा रेग्युलर दुसऱ्याचा स्टिफ निघू शकतो. शिवाय वेग सारखाच असला तरी झटक्याने मारणाऱ्याला आणि संथपणे फिरवणाऱ्याला एकच दांडा मानवत नाही. शेवटी हातात घेऊन, मारून पाहावंच लागतं.

पूर्वी हे सगळं लाकडावर अवलंबून होतं. स्कॉटलंडचे कारागीर आधी तिथलंच अ‍ॅश वगैरे लाकूड वापरायचे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून हिकरीचं लाकूड येऊ लागलं आणि शंभरेक वर्षं त्याचंच राज्य चाललं. पोलादी दांड्याला ब्रिटनमधल्या नियम करणाऱ्या संस्थेने १९२९ साली परवानगी दिली. ग्रॅफाइटचे हलके दांडे १९७० च्या आसपास आले. हिकरीच्या काळात दोन दांडे कधीच सारखे नसत. चांगला कारागीर लाकूड वाकवून, सोडून, पुन्हा वाकवून बघायचा आणि मगच ते कुणाच्या हातात द्यायचं हे ठरवायचा.

आता आपल्या जंगलाकडे येऊ. ठाण्याच्या पानझडी रानात धामण नावाचं झाड आहे. नाव सापाचंही आहे, पण हे झाड वेगळं. याची फळं पोरं खातात, सालीचा वाख दोर वळायला होतो. मोठा गुण मात्र लाकडात आहे. ते चिवट असतं, वाकतं आणि सोडलं की सरळ होतं. संस्कृतात याला ‘धन्वन’ म्हणतात, म्हणजे धनुष्याचं झाड. इंग्रजी अमलात इथल्या लाकडांवर जी पुस्तकं लिहिली गेली, त्यांत धामणीचे उपयोग दिले आहेत. हत्यारांचे दांडे, कावडीचे दांडे, वल्ही, आणि त्याच यादीत गोल्फच्या काठ्या. कलकत्त्याला गोल्फ क्लब १८२९ साली निघाला, मुंबईला १८४२ साली. साहेब खेळ घेऊन आला आणि त्या खेळाला चालणारं लाकूड इथे आधीच उभं होतं.

त्या यादीतली कावड विसरू नये. कावडीचा दांडा खांद्यावर असतो, दोन्ही टोकांना ओझं. दांडा ताठ असला तर प्रत्येक पावलाला खांद्यावर घाव बसतो. फार मऊ असला तर ओझं झुलून चाल मोडते. बरोबर असला तर दांडा पावलाच्या तालावर वाकतो आणि माणूस कोसभर जास्त चालतो. आज यंत्र लावून जे मोजतात तेच हे. फरक इतकाच, की कावडवाल्याने ते खांद्याने मोजलं आणि कुणी लिहून ठेवलं नाही.

फारसी-उर्दू परंपरेतही ही जाण आहे. मराठीतले ‘कमान’ आणि ‘तीर’ हे शब्द फारसीतूनच आले. कमान तिरंदाजाच्या ताकदीला जुळली पाहिजे, हा तिरंदाजीचा पहिला धडा. घोड्यावरून काठीने चेंडू मारायचा खेळ म्हणजे चौगान. सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरला चौगान खेळतानाच घोड्यावरून पडून वारला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त चौगानवर वेगळा भाग आहे. अकबर अंधाऱ्या रात्री पेटते चेंडू घेऊन खेळायचा आणि ते चेंडू पळसाच्या लाकडाचे असायचे, कारण पळस हलका असतो आणि बराच वेळ जळत राहतो. फाल्गुनात मुरबाडचं रान लाल करणारा पळस तो हाच. बादशहाच्या इतिहासकाराने लाकडाचं नाव आणि कारण दोन्ही नोंदवलं, म्हणून आज आपल्याला ते सांगता येतं.

धामणीच्या वाट्याला असा इतिहासकार आला नाही. उलट १८७८ च्या वन कायद्याने झाड आणि झाड ओळखणारा माणूस यांच्यामध्ये सरकार उभं राहिलं. राबासाठी फांद्या तोडण्यावरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष झाला, की सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज म्हणून बांबू आला, इमारती लाकूड आलं नाही. धामण ओळखणाऱ्याला कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी ती तोडताना आजही धाकधूक असते. आता बाजारात तयार दांडे मिळतात. सगळ्यांना एकाच मापाचे.

खेळाची बाजूही अशीच आहे. चेंबूरचं गोल्फचं मैदान १९२७ चं. त्याच्या आसपासच्या वस्तीतल्या पोरांनी बांधकामाची सळई वाकवून काठ्या केल्या आणि गल्लीत प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळले. सळई वेगाप्रमाणे निवडता येत नाही, जी मिळेल ती घ्यावी लागते. तरी रस्ता अगदीच बंद नसतो. दिल्लीच्या गोल्फ क्लबात कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या काठ्या उचलणारा अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. इतकी वर्षं इतरांच्या काठ्या खांद्यावर वाहताना कुणाला कोणता दांडा चालतो हे त्याच्याइतकं कुणी पाहिलं असेल?

आपण इतिहास म्हणून राजे आणि लढाया शिकवतो. हुनर शिकवत नाही. ज्याला धामण, खैर, ऐन, शिवण हात लावून ओळखता येतात त्याला आपण अडाणी म्हणतो. तेच मोजमाप परदेशी दुकानात झालं की त्याला शास्त्र म्हणतो आणि पैसे मोजतो. ज्यांच्या घरात अजून जुनी कावड, तिफण किंवा कुऱ्हाड आहे त्यांनी एक काम करावं. तिचा दांडा कोणत्या लाकडाचा, तेच लाकूड का घेतलं आणि कुणी घडवलं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत लिहावं. भाषा कोणतीही चालेल, मराठी, उर्दू किंवा ठाकरी. हे सांगणारे आता थोडेच उरले आहेत.