बोटांची चपळाई आणि अंतःकरणाचें गान

धर्मग्रामाचा ज्युबिली-महोत्सव आला म्हणजे मंदिर केव्हां उभें राहिलें, घंटा केव्हां चढली, कोण कोण धर्मगुरु सेवा करून गेले, याची आठवण सहजच निघते. परंतु त्या मंदिरांत जीं गीतें गाइलीं गेलीं, जीं वाद्यें वाजलीं, त्यांचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. कारण भिंत मागें राहते आणि स्वर हवेंत विरून जातो. म्हणून भिवंडीच्या बंधुभगिनींपुढें या मंगल प्रसंगीं संगीताच्या इतिहासांतील एक जुना वाद ठेवण्याचें योजिलें आहे. वादकाचें श्रेष्ठत्व त्याच्या बोटांच्या चपळाईंत आहे, कीं त्या बोटांतून प्रकटणाऱ्या भावांत, हा तो वाद होय.

हा वाद आपल्या देशास परका नाहीं. एखाद्या गवयाची 'तयारी' मोठी आहे असें सांगतांना आपले रसिक पुष्कळदां लगेच पुस्ती जोडतात कीं, गाण्यांत जीव मात्र नाहीं. भिवंडीकरांस तर हें घरच्या दृष्टांतानें कळेल. मागाचा धोटा किती वेगानें धांवतो एवढें पाहून कोणी कापडाची पारख करीत नाहीं. धागा सारखा बसला आहे कीं नाहीं, पोत कसा उतरला आहे, हें कापड हातांत घेऊनच पाहावें लागतें. मात्र धोटा चाललाच नाहीं तर पारखावयास कापडहि मिळत नाहीं! कौशल्य आणि भाव यांचें नातें असेंच आहे.

पाश्चात्य वाद्यांपैकीं पियानोवर हा वाद विशेष रंगला, व त्याचें कारण त्या वाद्याच्या रचनेंतच आहे. इ. स. १७०० च्या सुमारास इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नांवाच्या कारागिरानें हें वाद्य सिद्ध केलें. पट्टी दाबतांच आंतील लहानशी हातोडी तारेवर आघात करून मागें सरते. त्या क्षणापासून स्वर क्षीणच होत जातो. गायकाच्या श्वासानें किंवा व्हायोलिनच्या गजानें फुलवावा तसा तो पुढें फुलवितां येत नाहीं. त्यामुळें हें वाद्य वेगास सोयीचें, पण गानास अवघड. विरत जाणाऱ्या स्वरांची माळ एकसंध ओवावयाची, तर आघाताचा हलकेपणा, दोन स्वरांमधील काळ आणि पायाखालचें पेडल या तिहींवर सूक्ष्म ताबा लागतो.

या दोन गुणांचा एक प्रसिद्ध सामना इ. स. १७८१ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं व्हिएन्ना येथें सम्राट दुसरा जोसेफ याच्यासमोर झाला. एका बाजूस रोमचा मुत्सिओ क्लेमेंटी, दुसऱ्या बाजूस मोझार्ट. क्लेमेंटीचें बळ दुहेरी स्वरांच्या वेगवान पंक्तींत होतें. मोझार्टनें पुढें वडिलांस धाडलेल्या पत्रांत त्याच्या उजव्या हाताची तारीफ केली. पण रुचि व भावना यांचा त्याच्यापाशीं लेशहि नाहीं, तो निव्वळ यांत्रिक वादक आहे, असा कठोर शेराहि मारिला. क्लेमेंटीनें मात्र अधिक औदार्य दाखविलें. मोझार्टसारखें चैतन्यपूर्ण व डौलदार वादन आपण तोंपर्यंत ऐकिलें नव्हतें, असें त्यानें सांगितलें. तरुणपणीं आपणांस दिपविणाऱ्या कौशल्याचा मोह होता, पुढें नामांकित गायकांचें गाणें लक्षपूर्वक ऐकून आपण गेय वादनाकडे वळलों, हेंहि त्यानेंच कबूल केलें. वादकानें गायकाकडून शिकावें, हा धडा त्यानें आपल्या आचरणानें घालून दिला.

याहून विलक्षण कथा फ्रांझ लिस्ट याची आहे. हंगेरींत १८११ सालीं जन्मलेल्या या कॅथलिक वादकानें १८३२ सालीं पॅरिस येथें पागानिनीचें व्हायोलिन ऐकिलें आणि पियानोवर तसेंच प्रभुत्व मिळविण्याचा निश्चय केला. रोज कित्येक तास केवळ बोटांच्या कसरतीस देऊन त्यानें तो तडीस नेला. पुढें युरोपभर त्याचा जयजयकार झाला. असें असतां १८४७ सालीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, त्यानें धंदेवाईक मैफली सोडल्या. १८६५ सालीं त्यानें रोम येथें धर्मसेवेच्या कनिष्ठ दीक्षा घेतल्या. पूर्ण धर्मगुरु तो झाला नाहीं. १८७९ च्या सुमारास त्यानें क्रूसाच्या वाटेच्या चौदा स्थानांवर संगीत रचून पूर्ण केलें. ज्याच्या बोटांस अशक्य असें कांहींच उरलें नव्हतें, त्यानें येथें कित्येक ठिकाणीं एकेरी स्वर, दीर्घ विराम आणि साधे धर्मगीत एवढ्यावरच भागविलें. ही रचना त्याच्या हयातींत छापली गेली नाहीं. १९२९ सालीं ती बुडापेस्ट येथें प्रथम गाइली गेली. ज्यास उत्तम बोलतां येतें त्याचेंच मौन अर्थपूर्ण असतें, हें या कृतीवरून दिसतें.

ख्रिस्तसभेनेंहि या प्रश्नाचा विचार केला आहे. सेंट सिसिलियाच्या सणादिवशीं, २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढिलें. उपासनेंत गायनास प्राधान्य असावें, ऑर्गननें गायनास आधार द्यावा पण त्यास दडपूं नये, गीतापूर्वीं लांबलचक वादन करूं नये, असे नियम त्यांत घातले. पियानो तर मंदिरांत वर्ज्यच केला. तो काळ पियानोच्या मैफलींचा व दिवाणखान्यांचा होता. तेथील टाळ्यांची हांव वेदीजवळ येऊं नये, ही काळजी त्यांत स्पष्ट दिसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं ऑर्गनचा मान राखून, योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीनें इतर वाद्यांसहि वाट मोकळी केली आणि त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेचा आदर करण्यास सांगितलें. वाद्य कोणतेंहि असो, तें उपासनेस शोभलें पाहिजे, ही अट मात्र कायम ठेविली.

आपल्या शेजारच्या गोव्यानें हीच शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली. तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून गायनशिक्षक मुलांस स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. सराव कडक असे, पण त्याचें प्रयोजन रविवारची मिस्सा हें होतें. याच परंपरेतून मुंबईच्या वाद्यवृंदांस व चित्रपटांस शेंकडों वादक मिळाले. माजोर्डा येथें १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे मंदिरांतील गायनशिक्षकाचेच पुत्र; संगीतकार प्यारेलाल हे व्हायोलिनमध्यें त्यांचे शिष्य. याच भूमींत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं आपलें ख्रिस्तपुराण मराठी ओवींत प्रसिद्ध केलें. पांडित्य मोठें असतांहि त्यांनीं छंद निवडला तो कोणाच्याहि कंठांत सहज बसणारा.

आज आपल्या मंदिरांतून विजेवर चालणारे कीबोर्ड आले आहेत. एक कळ दाबतांच शंभर वाद्यांचा नाद निघतो, आणि तेवढ्यानें म्हाताऱ्याकोताऱ्यांचा आवाज बुडून जाण्यास वेळ लागत नाहीं. लोक गाण्याचे थांबले आणि केवळ ऐकूं लागले, म्हणजे मिस्सेंतील त्यांचा वांटा हिरावला जातो. म्हणून पियानोच्या परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलामुलींस एवढेंच सांगणें आहे कीं, सरावांत आळस करूं नका. अडखळणारीं बोटें भक्तीसहि अडखळवितात. परंतु वेदीजवळ बसल्यावर कान आपल्या बोटांकडे न ठेवितां लोकांच्या कंठाकडे ठेवा. मिस्सेनंतर कोणी तुमच्या वादनाची वाहवा केली नाहीं, पण घरीं जातांना लोक तेंच गीत गुणगुणत गेले, तर तुमची सेवा प्रभुचरणीं रुजू झाली असें समजा.