रबरी हातमोजे आणि परिचारिकेचे हात : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शस्त्रक्रियेतील रबरी हातमोजे रुग्णाच्या रक्षणासाठी निर्माण झाले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्यांचा आरंभ एका परिचारिकेच्या त्वचाविकारातून झाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना मर्क्युरिक क्लोराइड या जंतुनाशकामुळे त्वचादाह होत असे. १८८९-९० च्या हिवाळ्यात डॉ. विल्यम हॅल्स्टेड यांनी त्यांच्यासाठी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करवून घेतले. हातमोज्यांमुळे रुग्णाचा जंतुसंसर्ग घटतो, हे जोसेफ ब्लडगुड यांनी १८९९ मध्ये दाखविले. येथून हातमोज्यांचा हेतू पालटला व परिचारिकेची त्वचा विस्मृतीत गेली.

एड्सच्या प्रादुर्भावानंतर, विशेषतः १९८७ पासून, हातमोज्यांचा वापर अतोनात वाढला आणि रक्षकच उपद्रवी ठरू लागला. घाम व घर्षण यांमुळे त्वचा कोरडी पडून भेगाळते. थायुरामसारख्या रसायनांमुळे एक-दोन दिवसांनी इसब उद्भवतो. लॅटेक्समधील प्रथिनांमुळे काही मिनिटांत गांधी उठतात, प्रसंगी श्वासही कोंडतो. मक्याच्या स्टार्चची भुकटी ही प्रथिने हवेत पसरविते. म्हणून अमेरिकेने २०१७ मध्ये भुकटीयुक्त हातमोज्यांवर बंदी घातली.

१९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले व राज्यातील परिचर्याशिक्षणही त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे या इतिहासाचा बोध नाशिकला विशेष लागू पडतो. हातांची खाज हा ‘नाजूक त्वचे’चा दोष नसून व्यवसायजन्य विकार आहे, हे विद्यार्थिनींना प्रारंभीच शिकविणे अगत्याचे ठरते.