हिरडा, खोबरेल आणि मोटारीची सीट



मागच्या जानेवारीत बाबा कोल्हापूरहून इथे इंग्लंडला आले होते. मी कामाच्या कॉलवर असताना त्यांनी माझ्या गाडीच्या चामडी सीटना खोबरेल चोळून ठेवलं. "किती कोरडं पडलंय रे चामडं, तडे जातील," म्हणाले. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या शिवणींत पांढरा थर! मी चिडलो, बाबा गप्प झाले. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की बाबांना चामडं कळत होतं. मधल्या काळात चामडंच बदललं होतं. क्लीनर-कंडिशनरच्या बाटल्यांसमोर उभे राहून तुम्हीही गोंधळत असाल, तर ही गोष्ट ऐकाच.

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. त्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरतं, मग ते कुजत नाही. पण असं चामडं भिजून वाळलं की ताठ होतं, म्हणून नव्या चपलेला आपण तेल पाजतो. युरोपात हेच काम ओकच्या सालीवर चालायचं. पुढे तिथल्या टॅनरीत आपला हिरडाही पोचला. मुंबई इलाख्यातून तो जहाजं भरून जाई, आणि त्या व्यापारात हिरड्याच्या एका प्रतीचं नावच 'व्हिंगोर्ला' होतं. म्हणजे आपलं वेंगुर्ला!

कमावलेल्या चामड्यात तेल-चरबी मुरवून ते मऊ करणाऱ्या कारागिराला इंग्रजीत 'करिअर' म्हणत. आपण ज्याच्या मागे इथवर आलो ते करिअर वेगळं. लंडनमध्ये 1878 साली दोन भावांनी सुरू केलेल्या 'कॉनली ब्रदर्स'च्या नावातही हा शब्द होता. रोल्स-रॉइस आणि जॅग्वारच्या सीटना पुढे त्यांचंच चामडं असे.

सुरुवातीच्या मोटारी बग्ग्या बांधणारेच बांधत. गंमत म्हणजे त्या काळी मोठ्या गाड्यांत चामडं ड्रायव्हरच्या वाट्याला यायचं, कारण तो उघड्यावर, पावसात बसे. मालक मागे बंद खोलीत, उंची लोकरी कापडावर. सीटची निगा घोड्याच्या खोगिरासारखीच ठेवायची: सॅडल सोप, आणि वरून नीट्सफूट ऑइल. हे तेल गुरांच्या पायांच्या हाडांतून काढतात. घरात कुणाला ते चालणार नसेल, तर बाटलीवरची घटकांची यादी आधी वाचा.

बदल दोन टप्प्यांत झाला. 1858 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्नाप यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावून दाखवलं, आणि 1884 मध्ये अमेरिकेत शुल्ट्झ यांनी त्याची कारखान्यात चालेल अशी पद्धत पेटंट केली. हे चामडं मऊ, उष्णता सोसणारं, आणि आठवड्यांऐवजी दिवसांत तयार. दुसरा टप्पा आपल्या हयातीतला: आज बहुतेक गाड्यांच्या सीटवर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप असतो. तुमचा हात चामड्याला लागतच नाही, लेपाला लागतो. तेल आत जाणार कुठून? ते वर बसतं आणि धूळ धरतं.

म्हणून बाटली निवडण्याआधी सीट ओळखा. कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर सीट लेपाची. तिला पाण्यात बनवलेला, सौम्य क्लीनर पुरतो. मऊ ब्रशनं फेस करा, मायक्रोफायबर फडक्यानं टिपून घ्या. हवेसाठी भोकं असलेल्या सीटवर थेट फवारू नका, फडक्यावर घ्या. 'खोलवर पोषण' लिहिलेल्या महागड्या कंडिशनरवर पैसे घालवू नका. घ्यायचंच तर नव्या जीन्सची निळाई आणि ऊन अडवणारं संरक्षक द्रव्य घ्या. आखातातल्या मंडळींना त्याचा खरा उपयोग. अल्कोहोलचे वाइप्स मात्र लांब ठेवा, लेप झिजतो.

थेंब मुरून डाग गडद झाला तर चामडं बिनलेपाचं, किंवा लेप तडकलेला. जुन्या गाड्यांत हे दिसतं. तिथे कंडिशनर खरंच लागतो, तोही अगदी थोडा. सॅडल सोप तिथेही नको: क्रोमचं चामडं आम्लधर्मी, साबण अल्कधर्मी.

बाबांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे चामड्यावर रेनकोट घातलाय म्हण की." एवढं सोपं मला सुचलं नव्हतं. सीट मी तीनदा पुसली, पण ऊन पडलं की गाडीत अजून खोबरेलाचा वास येतो.