पोर वांड की शाळा वांड?

पालकसभेहून परत आलेली आई बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येते. "बाई म्हणतात, तुमचं पोरगं वांड आहे, वर्गात बसतच नाही." मग घरीही त्याच्या पाठीत दोन बसतात. शाळेतल्या वेगळ्या, घरातल्या वेगळ्या. पण पोर वांड का झालं, हे विचारायचं राहूनच जातं. ते पूर्वी कुणी विचारलं आणि विचारल्यावर काय निघालं, याचा थोडा इतिहास बांधवांपुढे ठेवतो.

पंतोजीच्या शाळेत छडी होती, अंगठे धरून उभं करणं होतं, उठाबशा होत्या. इंग्रजांनी त्यात आपली भर घातली. मद्रासला शिपायांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रम होता. तिथे अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवायची पद्धत बसवली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापलं. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये तशाच पद्धतीची गरिबांची शाळा काढली. एक मास्तर, शेकडो पोरं आणि मधे मॉनिटर. लँकेस्टर क्वेकर पंथाचा, फटके मारणं त्याला मान्य नव्हतं. मग त्याने काय केलं? दंगा करणाऱ्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवला, पाय जखडले, टोपलीत बसवून छताला टांगलं. मारायचं नाही, पण चारचौघांत लाजवायचं. हाच मॉनिटर पुढे आपल्याही शाळांत आला. फळ्याच्या कोपऱ्यात दंगेखोरांची नावं लिहिणारा मॉनिटर कुणाला आठवत नाही?

लाजवल्याशिवाय मूल सुधारत नाही असं मानणाऱ्यांनी आपल्या देशातला याहून फार जुना दाखला पाहावा. राजस्थानात बैराटजवळ सापडलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्षू-भिक्षुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावीत अशी काही धम्मवचनं नावानिशी सांगितली आहेत. त्यात खोटं बोलण्याविषयी राहुलाला केलेला उपदेश आहे. परंपरेप्रमाणे राहुल तेव्हा सात वर्षांचा. म्हणजे आजच्या दुसरीतलं पोर! भगवंतांनी त्याच्यावर हात उगारला नाही. पाय धुवायच्या भांड्यात उरलेलं थोडं पाणी दाखवलं, ते ओतून टाकलं, मग भांडं पालथं केलं, आणि दर वेळी त्यालाच विचारलं की तुला काय दिसतं? नंतर विचारलं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणाला. तसंच आपलं काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहायचं. हा मुलाला स्वतःचं वागणं स्वतः तपासायला शिकवण्याचा धडा आहे.

आता आपल्या लोकांकडे येतो. आपल्या पोरांना लाजवायला गुन्हा लागतच नव्हता. साताऱ्याच्या शाळेतली हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बसायला वेगळं गोणपाट, तेही वर्गाच्या कोपऱ्यात. शाळेचा नोकर त्याला शिवत नसे, म्हणून संध्याकाळी घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. तहान लागली तर इतर मुलं नळावर जात. बाबासाहेबांना मात्र शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नाही, तर पाणी नाही. आता विचार करा, त्या वर्गात अशा मुलाने तहानेने व्याकूळ होऊन स्वतः नळ सोडला असता तर मास्तरच्या लेखी तो काय ठरला असता? वांडच! वर्गातला नियम कुणी केला आणि कुणासाठी केला, हे पाहिल्याशिवाय बेशिस्त कशाला म्हणायचं ते ठरत नाही.

जोतीरावांनी हे ओळखलं होतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा ही त्यातली मागणी आपल्याला पाठ आहे. पण मास्तर शेतकरी वर्गातून तयार करा, तो या लोकांत मिसळेल, त्याला त्यांच्या गरजा कळतील, असंही त्यांनी त्यातच सांगितलं, ते कमी वेळा बोललं जातं. शाहू महाराज त्याच्याही पुढे गेले. १९१९ साली त्यांनी हुकूम काढला की शाळाखात्यात अस्पृश्य मुलांना इतरांइतक्याच आपुलकीने वागवावं. ज्याला हे जमत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही. शिस्त मास्तरला लावणारा असा हुकूम त्या काळात दुसरा मला माहीत नाही.

१९२७ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बोलले की प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात. बाकीची ब्याऐंशी परत निरक्षर होतात. ती ब्याऐंशी सगळी वांड होती म्हणायची काय?

वर्गात बसून हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न भावनगरला गिजुभाई बधेका यांनी केला. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला मास्तर पहिल्या दिवशी पोरांना शांततेचा खेळ शिकवायला जातो आणि वर्गात नुसता गोंधळ होतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला घेतो. तीच पोरं, तोच वर्ग, आणि आवाज नाही. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यात, वारली आदिवासींत चाललं. पोरं शाळेत येत नव्हती, आली तर टिकत नव्हती. या दोघींनी पोरांना नावं ठेवली नाहीत, कारण शोधलं. कडेवर धाकटं भावंडं असलेली पोरगी वर्गात कशी बसणार? म्हणून शाळेला पाळणाघर जोडलं. पोरं गुरांमागे जातात? मग शिक्षक कुरणावर जाईल, ती झाली कुरणशाळा. पाड्यावरून पोरं बालवाडीत येत नाहीत? मग बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवली. सरकारने १९७५ साली बालविकासाची योजना काढली तेव्हा अंगणवाडी हे नाव इथलंच उचललं.

आम्ही गिरणीतली माणसं, आम्हाला हे लवकर कळतं. साच्यावर सारखा धागा तुटायला लागला तर शहाणा कामगार धाग्याला शिव्या देत नाही. खात्यात दमटपणा कमी झाला का, सूतच कच्चं आलं का, हे आधी बघतो. (जॉबर मात्र शिव्या देई, तो भाग निराळा.)

मास्तरांचीही बाजू आहे. एका बाईपुढे साठ पोरं कोंबली तर गौतमासारखा संयम कुठून आणायचा? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी केली. म्हणजे छडी गेलीच, लँकेस्टरची टोपलीही गेली. जातीवरून टोमणा मारणं, कोपऱ्यात वेगळं बसवणं हेही त्यात येतं. "बाई, तुम्हीच दोन द्या, आमची हरकत नाही," असं आपल्यातले आईबाप अजून सांगतात. आईबापांच्या परवानगीने ही बंदी उठत नाही.

याच कायद्यात सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालकच हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि दुर्बल समाजाच्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्या वस्तीतल्या किती आयाबायांनी या समितीची सभा पाहिली आहे, ते वर्धापनदिनाला विहारात जमलो की एकमेकांना विचारू.