वाट कोणाची : खाजगी की सार्वजनिक?

जमिनीचे तुकडे पाडणे सोपे. प्रत्येक तुकड्याला वाट देणे अवघड. भावाभावांत वाटणी होते, विहिरीची पाळी ठरते, बांधावरच्या आंब्याचाही वाटा ठरतो. पण गाडी कोठून न्यायची, हे ‘बघू पुढे’ म्हणून राहून जाते. मग पुढची पिढी कोर्टाची पायरी चढते. शहरातही हेच घडते, आणि पुण्याचा इतिहास त्याची साक्ष देतो.

पेशवाईत पुण्याच्या पेठा वसल्या त्या कौल देऊन. शेटे-महाजनांनी उदमी व कारागीर आणावेत, वस्ती वाढवावी. पेठेचा मोठा रस्ता सर्वांचा होता. वाड्याच्या आतले मात्र निराळे. वाड्याची वाटणी झाली, की मागच्या चौकातल्या भावाने पुढच्या भावाच्या दिंडीतून यायचे. सलोखा असेतोवर ठीक. पुढचा भाग परक्याला विकला, की दिंडीला कडी लागायची.

इंग्रजी अमलात वाटेला कागदाचा आधार मिळू लागला. पुणे जिल्ह्यातल्याच इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीच्या पाहणीची नवी पद्धत सुरू केली. अशा मोजण्यांतून पुढे सर्व्हे नंबर आणि गावनकाशे रूढ झाले. गावनकाशात पायवाट एका तुटक रेघेने, तर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवतात. सुविधाधिकाराचा कायदा १८८२ चा. मुंबई इलाख्याला तो १८९१ साली लागू झाला. वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेचा अधिकार त्याने मानला. पण वीस वर्षे सिद्ध करायची कशी? म्हातारी माणसे साक्षीला आणायची! म्हणजे वाट होती, तरी भांडण चुकले नाही.

भांडण होण्याआधीच रस्ता आखावा, हा विचार १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने आणला. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरासाठी १९०२ साली असा कायदा झालेला होता. युक्ती साधी आहे. सर्वांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते काढायचे, आणि मग ज्याला त्याला नीटनेटका प्लॉट परत द्यायचा. जमीन थोडी घटते, पण दारात रस्ता येतो. भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, येथे अशी योजना झाली. तिथल्या दस्तांत ‘फायनल प्लॉट’ हा शब्द आढळतो, तो त्यामुळेच.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्यात महानगरपालिका आली. तिला लागू झालेल्या १९४९ च्या कायद्यात सार्वजनिक रस्ता आणि खाजगी रस्ता असा स्पष्ट भेद आहे. मालकाने प्लॉट पाडताना रस्त्यांसह नकाशा मंजूर करून घ्यायचा. पण नकाशा मंजूर झाला म्हणून रस्ता लगेच सार्वजनिक होत नाही. तो बांधून, गटारे आणि दिवे यांची सोय होऊन, तसा जाहीर व्हावा लागतो. तोवर दुरुस्तीचा भार मालकांवर. प्लॉट विकून मूळ मालक निघून गेला, की खड्डे बुजवायला कोणी नसते, आणि फाटक लावायला मात्र सगळे पुढे असतात!

चहूकडून कोंडलेल्या प्लॉटाचे काय? पुण्याच्या बांधकाम नियमांत त्याची तरतूद झाली. शेजारच्या प्लॉटातून वाट देण्यास आयुक्त सांगू शकतात. खर्च वाट मागणाराचा. खेड्यातही १९६६ च्या जमीन महसूल संहितेने, कलम १४३ प्रमाणे, बांधावरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदाराकडे सोपवला. शहर असो वा शिवार, तत्त्व एकच : मालकी पुरी असली, तरी शेजाऱ्याला कोंडण्याचा अधिकार तिच्यात येत नाही.

इतके कायदे असूनही गुंठेवारी वाढली. शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेली, आणि घरांच्या मधे उरेल तो रस्ता ठरला. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ साली वेगळा कायदा करावा लागला. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे पुणे महापालिकेत आली, तेव्हा जुन्या शेतवाटांचा प्रश्नही गावांबरोबर शहरात आला. अरुंद बोळात आगीचा बंब शिरत नाही, दवाखान्याची गाडी वळत नाही. मालकी कोणाची, हा वाद तेव्हा जिवावर बेततो.

म्हणून जागा घेताना सातबारा पाहता, तसा मंजूर नकाशाही पाहा. त्यातला रस्ता सार्वजनिक जाहीर झाला आहे का, नसेल तर जाण्यायेण्याचा हक्क खरेदीखतात लिहिला आहे का, हे विचारा. शिक्षकांनी गावचा नकाशा वर्गात लावून तुटक रेघांच्या वाटा मुलांना शोधायला लावाव्यात. कोणती वाट अजून चालू आहे आणि कोणती नांगराखाली गेली, हे मुलेच गावाला सांगतील.